फोन उचलायची पट्टी बदलून घेताना

बाबांच्या फोनवर आता कॉल आला की खाली दोन मोठी गोल बटणं येतात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं. हिरव्यावर बोट टेकवलं की बोलणं सुरू. हे एवढंच परत मिळवायला मला ११ नोव्हेंबर २०२४ पासून १९ सप्टेंबर २०२५ पर्यंतचा वेळ लागला. फोन बनवणाऱ्या कंपनीला एखादी गोष्ट बदलायला कशी सांगायची, कुठे लिहायचं, काय लिहायचं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून झालं तसं लिहून ठेवते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. थोड्याफार फरकाने पद्धत सगळीकडे हीच आहे.

बाबांच्या हाताला कंप आहे. डॉक्टर त्याला एसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर निवांत असला की फारसा हलत नाही. कप उचलायला, सही करायला, बटण दाबायला गेला की हलतो. पार्किन्सन्समध्ये बहुतेकदा उलटं असतं, हात स्वस्थ असताना कंप जास्त जाणवतो. हा फरक तेव्हा मला फक्त ऐकून माहीत होता. पुढे तोच कामाला आला.

११ नोव्हेंबरच्या रात्री फोन चार्जिंगला असताना मोठं अपडेट आलं. सकाळी बाबांनी फोन हातात घेतला तेव्हा चिन्हं जरा गोल झाली होती, घड्याळाचा आकडा जाड झाला होता. तेवढ्याची आम्ही दखलही घेतली नाही. चार-पाच दिवसांनी आत्याचा मला फोन आला. "अगं, दादा माझ्यावर रागावलाय का? फोन केला की कट करतो. तीनदा झालं."

बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी कशाला कापू? आपोआप कटतो."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नीट ओढत नसाल." हे मी बोलले त्याचं मला अजून वाईट वाटतं. कारण ते नीटच करत होते, आणि त्या दिवसानंतर माझ्यासमोर फोन वाजला की ते माझ्याकडे बघायला लागले.

२१ तारखेला मी शेजारी बसून माझ्या फोनवरून त्यांना पुन्हा पुन्हा कॉल केले आणि नुसतं बघत राहिले. अपडेटच्या आधी कॉल आला की दोन बटणं यायची. आता त्या जागी एक आडवी पट्टी होती, मधोमध पांढरा गोळा. गोळा उजवीकडे टोकापर्यंत ओढला तर कॉल उचलला जायचा, डावीकडे ओढला तर कापला जायचा. बाबांचा अंगठा गोळ्यावर टेकायचा, उजवीकडे थोडा सरकायचा आणि कंपामुळे क्षणभर काचेवरून सुटायचा. सुटला की गोळा टुणकन मध्ये परत. अंगठा पुन्हा टेकायचा तो आता गोळ्याच्या उजव्या बाजूला, आणि हात सावरताना मागे, म्हणजे डावीकडे यायचा. गोळा त्याच्यासोबत डावीकडे. कॉल कट. हे सगळं डोळ्यांना दिसत नव्हतं. मी स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तेव्हा कळलं. सहाव्यांदा बघितल्यावर मी तो व्हिडिओ बंद केला आणि बाबांची माफी मागितली.

आधी घरच्या घरी काय करता येतं ते बघितलं. जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल का? बहुतेक फोनमध्ये कंपनी ती सोय देत नाही, आणि जिथे जमतं तिथे फोन पूर्ण पुसावा लागतो. ते सोडलं. अँड्रॉइडमध्ये कॉलसाठीचं डीफॉल्ट ॲप बदलता येतं, म्हणून दोन बटणांचं एक दुसरं ॲप टाकून बघितलं. दोन दिवस बरं चाललं. मग फोन बराच वेळ पडून राहिला की बॅटरी वाचवणारी यंत्रणा त्या ॲपला झोपवायला लागली आणि घंटी वाजायची पण स्क्रीनवर काहीच यायचं नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट दिली तरी फरक पडला नाही. तुमच्या फोनवर हा उपाय नीट चालला तर आधी तोच करा, तुमचे बरेच महिने वाचतील. तात्पुरता उपाय म्हणून आम्हाला शेवटी वायरवाला हेडसेट लाभला. त्याच्या वायरवरचं बटण एकदा दाबलं की कॉल उचलला जातो, स्क्रीनला हात लावावा लागत नाही. बाबा तो दिवसभर गळ्यात घालून फिरायचे. हे एक सांगायचंच होतं, कारण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत माणसाला फोन घेता यायला हवा. आयफोनवाल्यांसाठी ॲक्सेसिबिलिटीमध्ये, म्हणजे हात, डोळे, कान यांची अडचण असलेल्यांसाठीच्या सेटिंग्जमध्ये, ठरावीक सेकंदांनी कॉल आपोआप उचलण्याची सोय आहे. काही अँड्रॉइड फोनमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने कॉल घेता येतो. बाबांच्या फोनमध्ये यातलं काही नव्हतं.

२३ नोव्हेंबरला कंपनीच्या सपोर्टशी चॅट केलं. रांगेत पस्तीस मिनिटं. मग ठरलेली पायऱ्यांची माळ: फोन बंद करून चालू करा, कॅश साफ करा, सेफ मोडमध्ये बघा, फॅक्टरी रीसेट करा. मी ते सगळं केलं. रीसेटसुद्धा. त्यानंतर संपर्क, फोटो, बँकेचं ॲप, औषधांच्या आठवणी हे सगळं परत बसवायला रविवार गेला, आणि पट्टी होती तिथेच होती. असणारच. ती बिघाडामुळे आलेली नव्हती, कुणीतरी ठरवून आणलेली होती. तुमची तक्रार ठरवून केलेल्या रचनेबद्दल असेल तर रीसेटला स्पष्ट नाही म्हणा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनवर तीच गोष्ट होते का एवढं बघा. होत असेल तर तुमचा फोन निर्दोष आहे.

चॅटवरच्या व्यक्तीने सर्व्हिस सेंटरला जायला सांगितलं. ३० नोव्हेंबरला बाबांना घेऊन गेले. टेक्निशियनने टच तपासण्याचा प्रोग्रॅम लावला, स्क्रीनवर चौकोनांची जाळी आली, बोट फिरवेल तिथे चौकोन हिरवे होत गेले. सगळे हिरवे. जॉबशीटवर त्याने लिहिलं, 'दोष आढळला नाही'. फोन हमीत होता, त्यामुळे पैसे पडले नाहीत. मी हिरमुसून बाहेर पडले. बाबा मात्र म्हणाले, "तो कागद टाकू नकोस." नाही टाकला ते बरं झालं. हार्डवेअर चांगलं आहे याचा कंपनीच्याच शिक्क्याचा पुरावा पुढे तोच ठरला.

फोनमध्ये कंपनीचं फीडबॅक पाठवायचं ॲप असतं. बहुतेकांना ते माहीत नसतं. ते कधी सेटिंग्जमधल्या मदतीच्या पानात असतं, कधी सदस्यांसाठीच्या ॲपमध्ये. तिथे तीन पर्याय होते: त्रुटी, सूचना, प्रश्न. मला वाटलं, रचना बदला असं सांगतेय म्हणजे ही सूचना झाली. ५ डिसेंबरला सूचना पाठवली. लांबलचक लिहिलं होतं. पट्टीबद्दल, वर पॉवर बटण दाबून धरलं की फोन बंद व्हायच्या मेन्यूऐवजी व्हॉइस असिस्टंट उघडतो त्याबद्दल, सूचनांचे आवाज बदलले त्याबद्दल, आणि म्हाताऱ्या माणसांचा विचार कुणी करत नाही त्याबद्दल. लगेच 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं आपोआप येणारं उत्तर आलं. ६ जानेवारीला स्थिती बदलून 'बंद' झाली. कारण दिलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी खरंच खचले. आत्याला सांगितलं की आपल्याने काही होणार नाही, हेडसेटवर चालवून घेऊ. पण रात्री अंथरुणावर एक विचार सुटेना. मोठ्या कंपन्यांनी आजवर कधीच काही मागे घेतलं नाही का? मग पुढचे काही दिवस मी तेच शोधत बसले.

घेतलं होतं. २०१७ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस८ वर बिक्सबी असिस्टंटसाठी वेगळं बटण दिलं. लोकांना ते नको होतं, चुकून दाबलं जायचं. २०१९ मध्ये एस१० सोबत कंपनीने त्या बटणावर दुसरं ॲप लावायची परवानगी दिली, आणि अपडेटमधून जुन्या फोनांनाही. २०२१ च्या उन्हाळ्यात अॅपलने आयओएस १५ या आयफोनच्या प्रणालीच्या बीटामध्ये, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेल्या आवृत्तीत, सफारी ब्राउझरची पत्त्याची पट्टी खाली नेली. चाचणी करणाऱ्यांनी ओरड केली आणि सप्टेंबरमध्ये अंतिम आवृत्ती आली तेव्हा ती वर ठेवायची की खाली हे सेटिंगमध्ये निवडता येत होतं. २०२३ मध्ये आयओएस १७ ने नोटिफिकेशनचा ठरलेला आवाज बदलला, नवा आवाज अनेकांना ऐकूच येईना, डिसेंबरमध्ये १७.२ मध्ये तो बदलायची सोय आली.

या तिन्ही ठिकाणी कंपनीने आपला निर्णय पुसून टाकला नाही. बटण राहिलं, खालची पट्टी राहिली, नवा आवाज राहिला. सोबत एक निवड दिली. हे लक्षात आल्यावर माझ्या पत्रात काय चुकलं ते मला दिसलं. मी 'हे काढा' म्हणत होते. कुणाच्या तरी दोन वर्षांच्या कामाला मी चूक म्हणत होते, आणि ते चूक मान्य करतील अशी वाट बघत होते. मला पट्टी जगातून नाहीशी व्हायला नकोच होती. मला बाबांच्या फोनवर एक स्विच हवा होता.

१४ जानेवारीला दुसरा अहवाल पाठवला. या वेळी प्रकार 'त्रुटी'. विषय एकच, कॉल उचलण्याची पट्टी. पॉवर बटण आणि आवाज यांचा उल्लेखही केला नाही. मॉडेल, अपडेटचा बिल्ड नंबर (त्या आवृत्तीचा नेमका क्रमांक), अपडेट आल्याची तारीख. मग पायऱ्या: स्क्रीन बंद असताना कॉल येतो, वापरणारा गोळा ओढतो, ओढताना बोट क्षणभर सुटतं, गोळा मध्ये येतो, पुढची हालचाल 'नकार' म्हणून धरली जाते. त्याखाली 'काय व्हायला हवं' आणि 'काय होतं' अशी दोन वाक्यं. एका दुपारी वीस कॉल करून वहीत खुणा केल्या होत्या: सात उचलले गेले, नऊ कापले गेले, चार वाजून वाजून थांबले. ते आकडे लिहिले, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ जोडला, जॉबशीटचा फोटो जोडला. शेवटी एक ओळ: 'ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये टॅप करून कॉल उचलण्याचा पर्याय द्यावा.'

व्हिडिओ पाठवण्याआधी बाबांना विचारलं होतं. अनोळखी माणसं आपला थरथरता हात बघणार, हे त्यांना कसं वाटेल म्हणून मी घाबरतच विचारलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हात दिसू दे. चेहरा नको." मी तसा तो कापला, आवाजही काढून टाकला. तुम्हीही कॉलचा व्हिडिओ पाठवाल तेव्हा स्क्रीनवर दिसणारं नाव आणि नंबर झाका.

२९ जानेवारीला उत्तर आलं. पहिल्यांदाच माणसाने लिहिलेलं वाटलं. तीन ओळी: ही त्रुटी नसून रचना ठरवल्याप्रमाणे काम करत आहे, खिशात असताना स्क्रीनला स्पर्श होऊन कॉल आपोआप उचलले जाऊ नयेत म्हणून ओढण्याची पद्धत आणली आहे, अहवाल बंद करत आहोत.

राग आला, पण त्या तीन ओळींतली मधली ओळ खरी होती. खिशातला स्पर्श ही काही काल्पनिक अडचण नाही. आयफोनची स्क्रीन लॉक असताना सरकवूनच कॉल घ्यावा लागायचा तो त्याचसाठी. जून २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या पोलिसांनी जाहीरपणे सांगितलं होतं की अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल लागण्याची जी सोय आली, तिच्यामुळे ९९९ या तिथल्या आपत्कालीन नंबरवर चुकून जाणारे कॉल वाढले. म्हणजे कंपनीच्या भीतीलाही आधार होता. 'ठरवल्याप्रमाणे काम करते' या उत्तरासोबत कारण लिहून आलं तर ते जपून ठेवा. पुढच्या पत्रात त्या कारणाचं उत्तर द्यायचं असतं. मला ते आधी सुचलंच नव्हतं: फोन कानाजवळ आहे की खिशात हे ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर फोनमध्ये असतोच. वरचा भाग झाकलेला असेल तेव्हा टॅप मान्य करू नका, उघडा असेल तेव्हा करा. खिसाही सुरक्षित, बाबाही.

आता हे पाठवायचं कुणाला? बंद झालेल्या अहवालाखाली लिहायची जागाच नव्हती. शोधताना कळलं की अपंग वापरकर्त्यांसाठी मोठ्या कंपन्यांकडे वेगळा विभाग असतो. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांची तशी स्वतंत्र व्यवस्था आहे. बाबांच्या फोनच्या कंपनीचीही होती, वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'ॲक्सेसिबिलिटी' असा दुवा, त्याच्या आत ईमेल. आम्ही बाबांना अपंग कधी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे हे दार आपल्यासाठी आहे हेच डोक्यात आलं नव्हतं. बाबांनाही तो शब्द आधी नको वाटला. मी त्यांना म्हटलं, हा शब्द तुमच्यासाठी नाही, त्यांच्या टपालपेटीसाठी आहे.

त्या पत्राला मी दहा दिवस घेतले. याच काळात मला मानकं सापडली, आणि सगळ्या प्रवासातला सर्वांत उपयोगी भाग हाच. वेबसाठी नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेची डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ५ ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या त्यांच्या २.२ या आवृत्तीत २.५.७ क्रमांकाचा निकष खास ओढण्याच्या हालचालीवर आहे: जे काम ओढून होतं ते न ओढता, साध्या स्पर्शानेही करता आलं पाहिजे, ओढणं अटळच असेल तेवढा अपवाद. ही तत्त्वं मुळात वेबपानांसाठी आहेत, पण युरोपचं ईएन ३०१ ५४९ हे मानक डब्ल्यूसीएजीच्या आधीच्या, २.१ या आवृत्तीचे निकष सॉफ्टवेअरलाही लावतं, आणि त्यात बोटाने विशिष्ट मार्गाने करायच्या खुणांना साधा पर्याय हवा असा निकष आहेच. शिवाय युरोपीय संघाचा ॲक्सेसिबिलिटीचा कायदा, २०१९ चा ८८२ क्रमांकाचा निर्देश, २८ जून २०२५ पासून लागू होणार होता आणि त्यात स्मार्टफोन येतात. बाबा युरोपात राहत नाहीत. पण ज्या कंपनीचे फोन तिथे विकले जातात तिला हे क्रमांक पाठ असतात. माझ्या पत्रात ते सगळं दोन वाक्यांत होतं, धमकीचा सूर न लावता. 'ही पट्टी या निकषांत बसते का ते कृपया तपासावं' एवढंच.

आणखी एक गोष्ट लिहिली, कंपाचा प्रकार. 'वडिलांना त्रास होतो' याऐवजी 'हालचाल करताना वाढणारा कंप आहे. एका जागी टॅप करता येतो, सलग ओढता येत नाही'. वाचणाऱ्याला बाबांचा हात दिसावा म्हणून.

१२ फेब्रुवारीला पत्र गेलं. ३ मार्चला उत्तर आलं. पाठवणाऱ्या बाईंनी खाली आपलं नाव लिहिलं होतं; चार महिन्यांत पहिल्यांदा मला कुणाला तरी नावाने लिहिता येणार होतं. त्यांनी तीन प्रश्न विचारले होते. बाबा बोट काही सेकंद एका जागी दाबून धरू शकतात का? ॲक्सेसिबिलिटीची कोणती सेटिंग्ज आधीच चालू आहेत? आणि बग रिपोर्ट, म्हणजे फोनने आतल्या आत ठेवलेल्या नोंदींची फाइल, पाठवता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. बाबांसोबत करून बघितलं. अर्धा सेकंद धरता येतं, त्यापुढे बोट सुटतं. हा प्रश्न विचारला गेला नसता तर कदाचित 'दाबून धरा' असा पर्याय आला असता आणि आम्ही होतो तिथेच राहिलो असतो.

बग रिपोर्टची भानगड थोडी सविस्तर सांगते, कारण तिथे मी दोनदा चुकले. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये फोनची माहिती असते तिथल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर पर्याय उघडतात, त्यात 'बग रिपोर्ट' असतो. फोन मिनिटभर घेतो आणि एक झिप फाइल देतो. पहिल्यांदा मी प्रकार घडल्यावर संध्याकाळी सावकाश रिपोर्ट काढला. त्यांनी कळवलं की त्या वेळेच्या नोंदी पुसल्या गेल्यात, जुन्या नोंदींवर नव्या चढत जातात. दुसऱ्यांदा लगेच काढला, पण नेमकी वेळ लिहायला विसरले. तिसऱ्या वेळी कॉल कापला गेल्याबरोबर घड्याळ बघून तास, मिनिट, सेकंद लिहिले आणि पुढच्या मिनिटाला रिपोर्ट काढला. तो चालला. या फाइलमध्ये खाती, ॲपची नावं, नंबर असं बरंच खासगी असतं. ती कंपनीने दिलेल्या दुव्यावरच चढवा, इतर कुणालाही देऊ नका, आणि काम झालं की फोनमधून पुसा. डेव्हलपर पर्यायही बंद करा.

२४ मार्चला कळवलं गेलं की विनंती 'विचाराधीन' आहे आणि तिला एक क्रमांक मिळाला आहे. नंतर शांतता. एप्रिल गेला, मे गेला. मी दर चार आठवड्यांनी त्याच ईमेलच्या खाली दोन ओळी लिहायची. नवा अहवाल उघडायचा मोह आवरला. एकाच गोष्टीचे दोन अहवाल झाले की एक 'पुनरावृत्ती' म्हणून बंद होतो, आणि नेमका कुठला होईल सांगता येत नाही. त्याऐवजी ओळखीतल्या दोघांना त्यांचे स्वतःचे अहवाल पाठवायला सांगितलं. एकीच्या आईला संधिवात आहे, दुसऱ्याचा अंगठा यंत्रात सापडून कडक झालेला आहे. दोघांकडे त्याच कंपनीचे फोन. त्यांनी आपापल्या शब्दांत आपापला अनुभव लिहिला आणि आमचा क्रमांक संदर्भाला दिला. माझाच मजकूर चिकटवून पाठवू नका, असं मी त्यांना सांगितलं होतं. कंप, संधिवात आणि कडक अंगठा एकाच पट्टीवर अडतात, हे तीन वेगळ्या पत्रांतून कळणं महत्त्वाचं होतं.

८ जुलैला बीटा चाचणीचं आमंत्रण आलं. बाबांच्या चालत्या फोनवर मी ते टाकलं नाही. बीटामध्ये फोन अडकू शकतो, बँकेची ॲप रुसतात. मामेभावाकडे त्याच मॉडेलचा जुना, कोपऱ्यात तडा गेलेला फोन पडून होता, तो मागून आणला. ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर, चार पायऱ्या आत, नवीन ओळ होती: टॅप करून कॉल उचला. मी ती ओळ बाबांना मोठ्याने वाचून दाखवली.

चालू केलं, कॉल लावला, आणि बाबांनी लाल बटण दाबलं. पुन्हा लावला, पुन्हा लाल. दोन्ही बटणं मधोमध, एकमेकांना जवळजवळ चिकटून ठेवली होती. हिरव्याकडे निघालेलं बोट थरथरत लालवर उतरायचं. बाबा म्हणाले, "राहू दे गं, त्यांनी एवढं केलं." मला राहू द्यायचं नव्हतं. मोजपट्टी घेऊन बसले. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बोट टेकवायच्या जागेसाठी किमान ४८ डीपी (स्क्रीनवरची मापं सांगायचं अँड्रॉइडचं एकक) सांगितले आहेत, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि दोन जागांमध्ये किमान ८ डीपी अंतर. बटणं पुरेशी मोठी होती, पण मधली फट माझ्या मोजपट्टीवर मिलिमीटरही भरेना. फोटोत मोजपट्टी ठेवून १० जुलैला कळवलं, आणि लिहिलं की नियमातलं किमान अंतरही आम्हाला कमी पडेल, बटणं दोन कडांना हवीत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातल्या बीटामध्ये ती दोन कडांना गेली होती. वीस कॉल केले. एकोणीस उचलले गेले. विसाव्याच्या वेळी बाबांना शिंक आली.

अंतिम अपडेट १९ सप्टेंबरला आलं. बदलांच्या यादीत या पर्यायाचा उल्लेखही नाही, 'स्थिरता आणि सुधारणा' एवढीच ओळ. पर्याय मुळात बंद असतो, शोधून चालू करावा लागतो. म्हणजे अजून कितीतरी घरांत कुणाचे तरी फोन कापले जात असतील आणि उपाय त्याच फोनमध्ये चार पायऱ्या आत पडून असेल. हे मला बोचतं. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'टॅप', 'कॉल' किंवा 'उत्तर' असे शब्द टाकून बघा, आणि दर मोठ्या अपडेटनंतर पुन्हा बघा. त्या बाईंना मी आभाराचं पत्र लिहिलं आणि हा पर्याय फोन पहिल्यांदा सुरू करतानाच्या पानांवर दाखवावा अशी विनंती केली. त्यांनी ती पुढे पाठवल्याचं कळवलं आहे.

हिशोब विचाराल तर पैसे जवळजवळ गेले नाहीत, हेडसेट तेवढा घ्यावा लागला. वेळ मात्र गेला. वहीत लिहून ठेवलंय त्यावरून साधारण साठ तास, त्यातला रीसेटचा रविवार आणि पहिलं लांबलचक पत्र पूर्ण वाया.

१९ तारखेला संध्याकाळी मी मुद्दाम आत्याला काही सांगितलं नाही. तिचा नेहमीच्या वेळेला फोन आला. बाबांनी हेडसेट गळ्यातून काढून बाजूला ठेवला होता. फोन टेबलावर होता, अंगठा हवेत थोडा हलला आणि हिरव्यावर टेकला. "हां, बोल गं," बाबा म्हणाले. पलीकडून आत्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "नाही, हेडफोन नाही. नुसता फोन."

सकाळच्या गजराच्या स्क्रीनवर मात्र अजून तीच पट्टी आहे. उजवीकडे ओढलं की बंद, डावीकडे ओढलं की पाच मिनिटांनी पुन्हा. औषधाचा गजर रोज दोन-तीनदा वाजतो. ६ ऑक्टोबरला त्याचा अहवाल पाठवला आहे, जुन्या क्रमांकाचा संदर्भ देऊन, व्हिडिओ आणि वीस वेळच्या नोंदीसकट. काल बघितलं तेव्हा स्थिती 'पडताळणी सुरू' अशी होती.